पाय काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या माणसाला विमान हाताशी आले. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. विमानतळाच्या छताविषयी, धावपट्टीविषयी, नावाविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले. सुरक्षा तपासणीच्या रांगेविषयी मला लिहायचे आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा प्रवास तिथे अडतो.

मी कृत्रिम हातपाय बनवतो. ठाण्यात चरईला माझे लहानसे वर्कशॉप आहे. शिक्षण हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत झाले आणि तेव्हापासून हेच काम करत आलो. माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेहाने पाय गमावलेले खूप असतात. रस्त्यावरच्या अपघातातले असतात. आणि कळवा, मुंब्रा, दिवा या भागात राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको, रेल्वेने पाय नेलेले असतात. त्यांतली बरीचशी तरुण, कमावती माणसे आहेत. त्यांना नोकरीसाठी हैदराबादला जावे लागते, परीक्षेसाठी दिल्लीला, लग्नासाठी नागपूरला. पाय बसवून देताना मी त्यांना सांगतो की आता सगळे करा, जिथे जायचे तिथे जा. ते जातात, आणि विमानतळावरच्या तपासणीत पाय काढायला लावला, हे परत येऊन सांगतात.

बॉडी स्कॅनर, म्हणजे माणसाला उभे करून कपड्यांखाली काय आहे ते दाखवणारे यंत्र, आले की हा त्रास मिटेल, असे हल्ली बरेच जण मानतात. माझे म्हणणे त्याहून थोडे वेगळे आहे. स्कॅनर यावेत असे मलाही वाटते. शरीराच्या आत धातू असलेल्या हजारो लोकांची त्यांनी खरोखर सुटका होईल. पण ज्याने शरीराच्या बाहेर पाय लावला आहे, त्याची सुटका यंत्र करू शकत नाही. त्याच्यासाठी एक खुर्ची, एक बंद खोली, कापडाची एक पट्टी आणि शिकवलेला माणूस लागतो. हा फरक कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

आपल्याकडे स्कॅनरचा विषय नवा नाही. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने एप्रिल २०१९ मध्ये देशातल्या ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांना वर्षभरात बॉडी स्कॅनर बसवायला सांगितले होते. मुदत संपता संपता करोना आला, विमानेच जमिनीवर उभी राहिली आणि ते काम मागे पडले. २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाने पुन्हा चाचण्या जाहीर केल्या. तोवर आपला कारभार चौकटीचा मेटल डिटेक्टर, जवानाच्या हातातला छोटा डिटेक्टर आणि हाताने केलेली झडती यांवर चालत आला.

त्या चौकटीच्या दोन्ही खांबांत तारांची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे स्पंद सोडले की चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूमध्ये बारीक प्रवाह फिरू लागतात आणि चौकटीला ते जाणवतात. धातू आहे, एवढेच तिला कळते. तो चाकू आहे, किल्ल्यांचा जुडगा आहे की शस्त्रक्रियेत बसवलेला गुडघा आहे, हे ओळखण्याचा मार्ग तिच्यापाशी नाही. बदललेल्या गुडघ्यात कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो, टायटॅनियम असते आणि मध्ये पॉलिथिलीनची गादी असते. मांडीच्या हाडातला रॉड, मनगटातली प्लेट, मणक्यातले स्क्रू, सगळ्यांची गत तीच.

माझ्या मोठ्या वहिनी घोडबंदर रोडला राहतात. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. मुलगी बंगळुरूला, त्यामुळे विमानाने जाणे-येणे असते. चौकट दरवेळी वाजते. पर्समध्ये डॉक्टरांचे पत्र असते, मोबाइलमध्ये एक्स-रेचा फोटो असतो. पण पत्र पाहून कोणाला सोडत नाहीत, आणि सोडूही नये, कारण तसे पत्र कोणीही छापून आणू शकेल. मग पडद्याआडच्या चौथऱ्यावर उभे राहायचे, हातातला डिटेक्टर गुडघ्याशी वाजायचा, मग हाताने चाचपणी. वहिनी कोणाची तक्रार करत नाहीत. त्या म्हणतात, "पोरी चांगल्या असतात हो भाऊजी. पण माझ्यामुळे मागच्या बायका खोळंबतात ना, त्याचंच अवघडल्यासारखं होतं." बायकांच्या रांगेत महिला कर्मचारी कमी आणि प्रत्येकीची झडती पडद्याआड, त्यामुळे ती रांग आधीच सावकाश सरकते. त्यात गुडघे बदललेल्या दोघी-तिघी आल्या की ती थांबतेच.

वहिनींसाठी बॉडी स्कॅनर हे उत्तम उत्तर आहे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आज वापरात असलेल्या यंत्रांतून मिलिमीटर लहरी सोडल्या जातात. काही यंत्रे २४ ते ३० गिगाहर्ट्झवर चालतात, काही ७० ते ८० वर. या लहरी कपड्यातून आरपार जातात आणि कातडीपाशी परत फिरतात, कारण कातडीत पाणी असते. कपडे आणि कातडी यांच्यामध्ये काही असेल, मग ते धातूचे असो, प्लास्टिकचे असो, की पुडीत बांधलेली पावडर असो, ते यंत्राला दिसते. कातडीच्या आतले मात्र दिसत नाही. म्हणून वहिनींचा गुडघा या यंत्राच्या लेखी नाहीच. हात वर करून काही सेकंद उभे राहायचे आणि पुढे जायचे.

सुरक्षेच्या बाजूनेही हे यंत्र चौकटीपेक्षा सरस आहे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेले पीईटीएन हे स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. तो मेटल डिटेक्टरमधून रीतसर गेला होता. स्फोटकात धातू नव्हता, म्हणून चौकट गप्प राहिली. स्फोटक नीट फुटले नाही आणि सहप्रवाशांनी व विमान कर्मचाऱ्यांनी त्याला धरले, म्हणून पुढचे टळले. त्या घटनेनंतर जगभर बॉडी स्कॅनरची घाई सुरू झाली.

किरणांचे काय, हा प्रश्न माझ्याकडे येणारे लोक विचारतात, गरोदर बायका तर विचारतातच. त्या भीतीला इतिहास आहे. सुरुवातीला अमेरिकेत दोन प्रकारची यंत्रे होती. त्यांतल्या एका प्रकारची क्ष-किरणांवर चालत. मात्रा अगदी थोडी, पण किरण तेच. शिवाय पडद्यावर माणसाचे जवळजवळ उघडे शरीर दिसे. लोक संतापले आणि ते योग्यच होते. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०११ मध्ये क्ष-किरणांचे बॉडी स्कॅनर विमानतळांवर वापरायला मनाई केली. अमेरिकेत संसदेने कायदाच केला की पडद्यावर खऱ्या शरीराऐवजी साधी आकृती दिसली पाहिजे. क्ष-किरणांच्या यंत्रांना ते वेळेत जमले नाही आणि २०१३ च्या मध्यापर्यंत ती तिथल्या विमानतळांवरून हलवली गेली. मिलिमीटर लहरींची यंत्रे राहिली. त्यांत क्ष-किरण नाहीत, आणि पडद्यावर सगळ्यांची एकसारखी बाहुलीसारखी आकृती येते. जिथे काही सापडेल तिथे तिच्यावर एक चौकोन उमटतो. जुन्या यंत्राची भीती आजच्या यंत्राला लावू नये. प्रतिमा साठवली जात नाही हे मात्र प्रवाशाला लेखी, पाटीवर सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. विमानाचे तिकीट काढले म्हणून तो हक्क दारात ठेवून यायचा नसतो.

यंत्राला मर्यादाही आहेत आणि आपल्याकडे त्या जास्त जाणवतील. जर्मनीने २०१० ते २०११ या काळात हॅम्बुर्ग विमानतळावर ही यंत्रे लावून लाखो प्रवाशांवर चाचणी केली. कपड्यांच्या घड्या, चेन, घामाने ओलसर झालेली जागा, यांवर यंत्र इतके खोटे इशारे देऊ लागले की त्यांनी तेव्हा ती यंत्रे सगळीकडे बसवण्याचे पुढे ढकलले. सॉफ्टवेअर तेव्हापेक्षा सुधारले आहे. तरी साडीच्या निऱ्या, ओच्यात खोचलेला पदर, भरगच्च अंबाडा आणि मे महिन्यात उलव्याच्या या विमानतळापर्यंत येताना भिजलेली पाठ, हे सगळे त्या यंत्रापुढे रोज उभे राहणार. हॅम्बुर्गच्या प्रवाशावर बेतलेले यंत्र आणून इथे उभे करू नये. आपल्या बायका जशा नेसतात तशा नेसून आलेल्या शेकडो जणींवर आधी ते पाहावे, मग घ्यावे. निरीवर चौकोन उमटला तर तेवढीच जागा हाताने तपासून सोडता येते हे खरे. पण दर दुसऱ्या बाईला चौकोन उमटू लागला तर रांग पुन्हा होती तिथेच येईल.

आता माझ्या माणसांकडे येतो.

कृत्रिम पाय कातडीच्या बाहेर, कपड्याच्या आत असतो. म्हणजे स्कॅनर ज्या जागेत शोध घेतो नेमक्या त्याच जागेत. चौकटीला पायातली नळी आणि सांधे सापडतात, स्कॅनरला संपूर्ण पाय सापडतो. आकृतीच्या त्या पायावर चौकोन उमटणार हे ठरलेले. आणि चौकोन उमटल्यावर समोरच्या कर्मचाऱ्याला नवीन काय कळले? पाय कृत्रिम आहे हे तर प्रवाशाने आधीच सांगितलेले असते. सॉकेट, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण, कार्बन फायबरचे असेल तर त्याच्या आत यंत्राला पाहताच येत नाही. तेव्हा स्कॅनर असो वा नसो, माझा माणूस बाजूला घेतला जाणार. बाजूला घेतल्यावर त्याच्याशी काय करतात, सगळा प्रश्न तिथे आहे.

पाय काढायला सांगणे म्हणजे बूट काढायला सांगणे नव्हे. हे ज्याने कधी पाहिले नाही त्याला ते तसे वाटते, म्हणून तपशिलात सांगतो. पाय गुडघ्याच्या वर कापलेला असेल तर सॉकेट मांडीच्या मुळापर्यंत येते आणि बसायच्या हाडाखाली टेकते. वरून कमरेला पट्टा असतो. ते काढायचे तर सलवार काढावी लागते, साडी सोडावी लागते, पँट उतरवावी लागते. दुसऱ्या शब्दांत, कमरेखाली कपडे उतरवा असेच आपण त्या माणसाला सांगतो आहोत. गुडघ्याखालचा पाय त्या मानाने सोपा, पण त्यालाही लायनर, म्हणजे उरलेल्या पायावर चढवायचे मऊ आवरण असते, मोजे असतात, खालची पिन लॉकमधून सोडवावी लागते. हे सारे बसून करायचे काम आहे आणि चौथऱ्यावर बहुतेक वेळा बसायला काही नसते. माणूस एका पायावर, भिंतीला किंवा अनोळखी कर्मचाऱ्याच्या खांद्याला धरून उभा राहतो.

काढण्यापेक्षा परत घालणे कठीण. स्टंप म्हणजे उरलेला भाग, तो दिवसभरात कमी-जास्त होत असतो. आमची माणसे सकाळी एक मोजा घालतात, दुपारी त्यावर दुसरा चढवतात. सॉकेटचा दाब गेला की तो काही मिनिटांत सुजू लागतो. मी प्लास्टरचा साचा घेतो, घासतो, पुन्हा घासतो, कागदाच्या जाडीचा फरक पडला तरी पेशंटला टोचते. अशा मापात बसवलेल्या वस्तूत सुजलेला भाग घाईघाईत कोंबला की काय होते, ते मी नंतर पाहतो. जांघेत सोललेली कातडी, फोड, आणि मग ते भरेपर्यंत पाय घालायचाच नाही.

कळव्याच्या एक ताई आहेत, बालवाडीत शिकवतात. डावा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला, लोकलच्या अपघातात. भाचीच्या लग्नाला नागपूरला एकट्या निघाल्या होत्या. एका विमानतळावर, तो कोणता ते इथे महत्त्वाचे नाही, त्यांना पाय काढायला लावला आणि तो ट्रेमध्ये ठेवून, लोकांच्या बुटांच्या आणि लॅपटॉपच्या ओळीतून, एक्स-रेच्या पट्ट्यावरून पाठवला. ताई पडद्याआड एका पायावर उभ्या. पाय परत आला तेव्हा त्यांनी मला फोन लावला. "दादा, पाय आत जातच नाहीये. बोर्डिंग सुरू झालंय." मी वर्कशॉपमध्ये उभा राहून फोनवरून सांगत होतो, ताई, आधी खाली बसा, जमिनीवर बसा, स्टंप वर धरा, दोन्ही हातांनी खालून वर दाबत राहा, जाड मोजा काढा आणि पातळ घाला. त्यांनी तो कसाबसा बसवला, पण फिरलेला बसला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले. तशाच त्या विमानापर्यंत चालत गेल्या. लग्नात कुबड्यांवर उभ्या होत्या. साडीला साजेशी चप्पल त्यांनी त्या लग्नासाठी त्या पायाच्या मापाने माझ्याकडूनच नीट करून नेली होती, ती बॅगेतच राहिली.

त्या मला म्हणाल्या, "दुखलं त्याचं काही नाही दादा. माझा पाय सगळ्यांच्या चपलांबरोबर गेला ना, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही." आता त्या नागपूरला विदर्भ एक्सप्रेसने जातात. रात्रभराचा प्रवास, वरचा बर्थ मिळाला तर हाल, तरी त्या विमानाचे नाव काढत नाहीत.

ताईंचे हाल कोणाला कळले नाहीत. सुधा चंद्रन यांचे कळले. ऑक्टोबर २०२१ मध्ये या नृत्यांगनेने एक व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना विनंती केली की दरवेळी विमानतळावर मला कृत्रिम पाय काढायला लावतात, आमच्यासारख्यांना काहीतरी ओळखपत्र द्या. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली आणि जाहीर सांगितले की नियमानुसार अपवादात्मक परिस्थितीतच कृत्रिम अवयव काढायला सांगता येतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जीजा घोष यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माणसाच्या प्रतिष्ठेसाठी, विमानतळावर प्रवाशाला कृत्रिम अवयव काढायला लावू नये. जीजाताईंना सेरेब्रल पाल्सी आहे, २०१२ मध्ये त्यांना विमानातून उतरवले गेले होते आणि त्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. म्हणजे नियम आहे, न्यायालयाचे म्हणणे आहे, दलाचे स्वतःचे निवेदन आहे. तरी माझ्याकडे येणारी माणसे आजही तेच सांगतात.

यात मी जवानांना दोषी धरत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती, आणि ती शंका बिनबुडाची नाही हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? सॉकेट आणि पाऊल यांच्यामधली नळी पोकळ असते. ती मीच कापतो. वरून फोमचे आवरण चढवून पोटरीचा आकार मीच देतो आणि त्या आवरणाखाली किती जागा राहते ते मला माहीत आहे. तेव्हा कृत्रिम पाय न तपासता सोडा असे मी कधीही म्हणणार नाही. त्याच विमानात माझी वहिनी बसलेली असते.

पण तो न काढता तपासता येतो. त्यासाठी लागणारे यंत्र मोठ्या विमानतळांवर आजही असते, बॅगांच्या टेबलाशी असते. कापडाची छोटी पट्टी सॉकेटवर, नळीवर, बुटावर आणि प्रवाशाच्या हातांवर फिरवायची आणि त्या यंत्रात घालायची. स्फोटकाचा कणभर अंश असला तरी काही सेकंदांत इशारा येतो. स्फोटक हाताळणाऱ्याच्या हाताला, कपड्याला ते कण चिकटतातच. त्याच्या जोडीला पँटचा पाय वर करून किंवा बंद खोलीत कपड्यावरून नीट हाताने तपासणी करायची. पावलाजवळचा जोड कुठे, आवरण कुठे उघडते, बोटाने ठोकल्यावर पोकळ कुठे वाजायला हवे आणि कुठे नको, एवढे कर्मचाऱ्याला माहीत असेल तर त्याला बरेच कळते. यानंतरही खरी शंका उरली तर तेव्हा पाय काढायला सांगावा, बंद खोलीत, खुर्चीवर बसवून, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी नोंदीने. तो खराखुरा अपवाद असेल.

जाता जाता आमच्या माणसांसाठी एक सूचना. ग्लिसरीन असलेले क्रीम हाताला किंवा स्टंपला लावून विमानतळावर जाऊ नका. ग्लिसरीनमुळे त्या पट्टीच्या यंत्राने खोटा इशारा दिल्याची उदाहरणे आहेत आणि मग विनाकारण चौकशी वाढते. लायनरवाल्यांना क्रीमची सवय असते, म्हणून सांगितले. पेसमेकर असलेल्यांनी हातातला डिटेक्टर छातीपाशी धरून ठेवू देऊ नये, आधीच सांगून हाताने झडती मागावी.

हाताने झडती घेण्याविषयीही दोन शब्द चांगले लिहायला हवेत. यंत्राचे कौतुक करताना लोक तिला मागासलेली पद्धत म्हणतात. मला तसे वाटत नाही. शिकवलेला हात चांगला शोध घेतो आणि त्याला जोडीला तोंड असते, ते विचारू शकते, समजून घेऊ शकते. अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारी तपासनीसांनीच वेष बदलून लपवलेली हत्यारे आणि नकली स्फोटके नेऊन पाहिली, तेव्हा ७० पैकी ६७ वेळा ती आत गेली. बॉडी स्कॅनर तिथे वर्षानुवर्षे होते. यंत्र आणले आणि माणसाच्या शिक्षणावरचा खर्च कमी केला, असे आपल्याकडे होऊ नये. ज्याला यंत्रात उभे राहायचे नाही त्याला खासगीत हाताने झडती मागता आली पाहिजे. ब्रिटनमध्ये आधी "स्कॅनर नको तर विमान नाही" असा नियम होता, २०१३ मध्ये त्यांनी तो बदलून हा पर्याय दिला. हात वर न होणारा लकव्याचा पेशंट, व्हीलचेअरवरची आजी, यांना तर तो पर्याय लागणारच. अशी माणसे त्या यंत्रात उभीच राहू शकत नाहीत.

नवी मुंबईचा विमानतळ नवा आहे, म्हणून माझा एवढा आग्रह. जुन्या इमारतीत खोली काढायची तर भिंत पाडावी लागते, नव्या ठिकाणी सवय लागण्याआधीच नीट मांडणी करता येते. तपासणीच्या प्रत्येक रांगेजवळ, खास करून बायकांच्या बाजूला, पडद्याऐवजी दार असलेली एक खोली असावी आणि तिच्यात हात टेकायला दांडे असलेली भक्कम खुर्ची असावी. खुर्चीचे मी मुद्दाम लिहितो आहे. किरकोळ वाटते, पण ती नसते म्हणून माणसे पडतात. पट्टीचे यंत्र त्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर असावे, नाही तर घाईच्या वेळी कर्मचारी ते आणायला जाण्याऐवजी पाय काढायला सांगणे पसंत करतो, आणि रांगेचा ताण पाहता त्याचे मन मला कळते. पाटी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असावी, ठळक अक्षरांत: "कृत्रिम अवयव असल्यास आधी सांगा. तो काढावा लागणार नाही. पट्टीने तपासणी होईल." ही पाटी प्रवाशापेक्षा नव्याने बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याच्या जास्त कामाची आहे. कोणी दिल्लीहून आलेला असतो, कोणी आसामातून. पाटी समोर असली की वाद होत नाही.

आणि शिक्षण. ज्याने आयुष्यात कधी सॉकेट हातात धरले नाही त्याला ते तपासायला सांगणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलांसाठी ठेवलेले सगळे नमुने आहेत. गुडघ्यावरचे आणि गुडघ्याखालचे सॉकेट, कार्बनचे आणि साध्या प्लास्टिकचे, सिलिकॉनचा लायनर, पिन-लॉक, उघडी नळी, फोमने झाकलेली नळी, जयपूर फूट. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावले तर हे सगळे घेऊन मी येईन, त्यांच्या तुकड्यांना हातात देऊन दाखवीन, कुठे काय लपवता येते तेही दाखवीन. याचे पैसे नकोत. कळव्याच्या ताईंना मी विचारले आहे. महिला कर्मचारी असतील तर माझ्याबरोबर यायला आणि पाय घालून, काढून दाखवायला त्या तयार आहेत. त्यांना शनिवारी-रविवारी सुट्टी असते, तेवढे वार सांभाळून कळवावे.

आपला,
चरई, ठाणे (प.) येथील एक कृत्रिम अवयव तंत्रज्ञ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)